चर्चचा घरगुती गट: दोन वर्षांनंतरचा रिव्ह्यू

चर्चचा घरगुती गट (चर्चमधले काही जण दर आठवड्याला एकत्र जमून प्रार्थना करतात तो; कोणी सेल ग्रुप म्हणतं, कोणी हाउस फेलोशिप) जॉइन करावा का असं बरेच जण विचारतात म्हणून लिहितेय. दोन वर्षं दर आठवड्याला जातेय. पाचपैकी चार स्टार, आणि एक का कापला तेही सांगते.

आधी मी फक्त रविवारच्या उपासनेला जायचे, मागच्या बाकावर बसायचं, आशीर्वाद झाला की घरी. मग ऑपरेशन झालं, सहा आठवडे घरातच होते आणि एवढ्या मोठ्या मंडळीत (म्हणजे चर्चच्या लोकांत) कोणाला पत्ताच नाही, एक फोन नाही. फार लागलं मनाला.

त्यानंतर एकीने आग्रह केला म्हणून गटात गेले. बारा जण होतो, गाणी, वचन (बायबलचा उतारा), मग प्रार्थनेचे विषय, म्हणजे कोणासाठी कशाबद्दल प्रार्थना करायची ते. तिथे एक आजी आहेत, चर्चेत एक शब्द बोलत नाहीत, पण मांडीवर वही असते, प्रत्येकाचा विषय पेन्सिलने लिहितात, तारीख टाकतात आणि उजवीकडचं अर्धं पान कोरं सोडतात. का ते मला कळलंच नाही. चार महिन्यांनी त्यांनी मला जवळ बसवून माझं पान दाखवलं, डावीकडे 'स्कॅनची भीती', उजवीकडे रिपोर्ट चांगला आला त्या दिवसाची तारीख, जी मी स्वतः विसरले होते!! ज्या आठवड्यात मी गेले नव्हते तिथे नुसतं प्रश्नचिन्ह, आणि त्याच रात्री त्यांचा फोन आला होता हे मला तेव्हा आठवलं.

बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा 12 वा अध्याय (मंडळी म्हणजे एक शरीर, आपण त्याचे अवयव) मी लहानपणापासून ऐकतेय पण तो मला त्या वहीमुळे कळला. येशूचा प्रेषित पौल याने ते पत्र साधारण इ.स. 55 च्या सुमारास लिहिलं, आणि कोणाला, तर करिंथ शहरातल्या ज्या मंडळीत प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घेण्याचा विधी) जमल्यावर काही जण आधीच जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे (अध्याय 11 बघा). शरीर आणि अवयवांची उपमा रोमन लोकांकडे आधीपासून होती, पण तिथे ती सामान्य लोकांनी बंड करू नये, मुकाट राबावं हे पटवायला सांगितली जायची. पौल तीच उपमा घेऊन म्हणतो की जो अवयव दुबळा वाटतो तोच जास्त गरजेचा, आणि एक दुखला की सगळे दुखतात. आणि हे एका घरापुरतं नव्हतंच, मकेदुनिया आणि अखया या ग्रीसकडच्या प्रांतांतल्या मंडळ्यांनी पार यरुशलेममधल्या गरिबांसाठी वर्गणी काढली होती. आमच्यात एकाची नोकरी गेली तेव्हा त्याच संध्याकाळी तिघांनी मिळून घरभाड्याचं बघितलं, कुठेही अनाउन्समेंट नाही.

आता कापलेला स्टार. एकीने रडत सांगितलेली घरातली गोष्ट 'प्रार्थना करा' म्हणून भलत्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेली. ती तीन महिने आली नाही. गट चालवणाऱ्यांनी तिच्या घरी जाऊन माफी मागितली, तेव्हापासून गटातलं गटातच हा नियम आहे, पण तो पहिल्या दिवशीच सांगायला हवा होता. जॉइन करताना हे आधी विचारून घ्या.

दुसरं म्हणजे आता आम्ही एकोणीस झालोय, लाजरी माणसं गप्पच बसतात, म्हणून पुढच्या महिन्यात दोन गट होतायत. गेल्या वेळी आजींनी एक कोरी वही आणली होती, दुसऱ्या गटासाठी, कोण घेणार विचारलं. मी घेतली.