सूर्यफुलाच्या बियांचं पाकीट: सात महिन्यांनंतरचा अनुभव

एकाच पाकिटातून दोन खेपा लावल्या, दुसरीचे दाणे परवाच काढले, म्हणून आत्ता लिहितेय. फुलं लागल्यावर लगेच लिहिलं असतं तर डोळे झाकून पाचपैकी पाच दिले असते, पण फुलापाशी गोष्ट अर्धीच होते.

उगवण एकदम मस्त. बोटाच्या एका पेराएवढं खोल टोचलं, बारापैकी दहा बिया आठवड्यात वर आल्या. एकीच्या दोन्ही पानांवर टरफल टोपीसारखं अडकून बसलेलं, मी ओढून काढायला गेले आणि पानाचा तुकडाच हातात आला, तेव्हा तसं झालं तर नुसतं पाणी लावून मऊ होऊ द्या, आपोआप गळतं. आणि सुरुवातीलाच मोठ्या कुंडीत लावा, मूळ सरळ खाली जातं, नंतर उपटून हलवलं की रोप रुसतं.

कळी येईपर्यंत शेंडा दिवसभर सूर्यामागे फिरतो हे खरंय, रात्रीत परत पूर्वेला येतो. म्हणजे खोडाची एक बाजू दिवसा जास्त वाढते आणि दुसरी रात्री, त्यामुळे ते वळतं. फूल पूर्ण उमललं की मात्र फिरणं बंद, तोंड पूर्वेकडेच. मला ते आयुष्यभर फिरतं असंच वाटायचं.

आता मुख्य मुद्दा. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते शेकडो फुलांचं तबक असतं. कडेच्या पिवळ्या पाकळ्यांना बी धरत नाही, मधल्या प्रत्येक बारीक नळीसारख्या फुलाचा एक दाणा होतो. ही फुलं कडेपासून आत अशी रोज दोन-तीन रांगा उमलतात. सकाळी जवळ जाऊन बघा, बाहेरच्या रांगेत दोन टोकांची मागे वळलेली स्त्रीकेसरं, तिच्या आत पिवळ्या परागाची रांग आणि मधे अजून मिटलेल्या कळ्या, सगळं एकाच वेळी. प्रत्येक फुलात पराग आधी आणि स्त्रीकेसर नंतर उघडतो, शिवाय बऱ्याच जातींना स्वतःचाच पराग नीट चालत नाही, म्हणून मधमाशी लागते.

माझ्या गॅलरीला जाळी, मधमाशी येणार कुठून? पहिल्या खेपेत तबकं ही एवढी मोठी, मागची बाजू पिवळी होऊन तपकिरी झाली, खूप आनंदाने वरची सुकी फुलं अंगठ्याने घासून काढली, खाली दाणे कसे गोल वळणांत घट्ट बसवलेले, बघतच राहिले. आणि दाबले तर पोचट. दहातले सात-आठ नुसतं टरफल. रडूच आलं खरं तर, साडेतीन महिने पाणी घातलेलं. पाकिटावर यातलं अक्षर नाही, फक्त 'भरपूर ऊन, नियमित पाणी'. हे कंपनीने लिहायलाच हवं होतं.

दुसऱ्या खेपेत फुलं चालू असताना रोज सकाळी मऊ सुती कापड बोटांना गुंडाळून एका तबकावरून हळूच फिरवायचं आणि तेच कापड दुसऱ्यावर, आठ-दहा दिवस. कापड पिवळंधमक होतं. दाणे भरताना पाणी अजिबात चुकवलं नाही. या वेळी कडेपासून आत जवळजवळ सगळे भरले, अगदी मधोमध थोडे पोचट राहिले, तिथले दाणे सगळ्यात शेवटी धरतात आणि त्यांच्या वाट्याला कमी येतं.

घेण्याआधी एक बघा, फुलदाणीसाठीच्या काही जातींत परागच नसतो, नुसत्या तशाच लावल्या तर दाण्यांची आशा नको. ही तशी नाही. बियांना पाच, पाकिटावरच्या माहितीला दोन.

भरलेले वीस दाणे बाजूला ठेवलेत. पाकिटावर संकरित लिहिलंय, म्हणजे त्यातून हेच फूल येईल असं नाही, म्हणून पाकिटातल्या उरलेल्या चार बिया शेजारच्या कुंडीत लावणार आहे, काय फरक पडतो ते इथेच टाकते.