रिकिबीचे पट्टे: चामड्याचे, नायलॉनच्या गाभ्याचे की सिंथेटिक?

इंग्लिश सॅडल घेताना सगळा जीव सॅडलच्या मापात गुंततो आणि रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) ज्यांना लटकतात ते पट्टे शेवटी मिळेल ते उचलले जातात. मीही तेच केलं होतं. आठवडाभर दुडकी चालीचा सराव केला तेव्हा मांडीच्या आतल्या बाजूला बक्कलाएवढा काळानिळा डाग उमटला. दोष सॅडलचा नव्हता, पट्ट्याचा होता. म्हणून पट्टे निवडताना मी रंग आणि चकाकी बाजूला ठेवते. पहिला प्रश्न विचारते की बक्कल कुठे बसणार, आणि दुसरा, की सहा महिन्यांनी दोन्ही पट्टे सारख्याच लांबीचे राहतील का.

साधा चामड्याचा पट्टा सगळ्यांच्या ओळखीचा. तो रिकिबीतून आणि सॅडलवरच्या बारवरून, म्हणजे पट्टा अडकवायच्या धातूच्या दांडीवरून, दुहेरी जातो, बक्कल वर बारपाशी येतं. चांगल्या चामड्याचा पट्टा हळूहळू मऊ होतो, पायाखाली शांत बसतो आणि बारीकसारीक दुरुस्ती करून बरीच वर्षं चालतो. पण चामडं ताणतं, आणि दोन्ही बाजूंना सारखं ताणत नाही. आपण घोड्यावर डावीकडून चढतो, सगळं वजन डाव्या रिकिबीवर येतं, त्यामुळे डावा पट्टा उजव्यापेक्षा लवकर लांबतो. दोन्ही पट्टे जमिनीवर शेजारी ठेवा, बक्कलं जुळवा आणि भोकं बघा. जुन्या जोडीत आठव्या भोकापर्यंत येईतो फरक डोळ्यांना दिसतो. अशा जोडीवर बसलात की कंबर एका बाजूला कलते, आणि आपली मांड बिघडली असं उगाच वाटत राहतं. उपाय साधा आहे: पट्टे नियमाने डावे-उजवे बदलत राहा आणि चढताना पायरी वापरा.

म्हशीच्या चामड्याचे पट्टे फार दणकट असतात, सहसा तुटत नाहीत, पण ताणतात मात्र गाईच्या चामड्यापेक्षा जास्त. वजनदार स्वारासाठी किंवा रोज लांबवर फिरणाऱ्यासाठी ते ठीक आहेत. ज्याला दोन्ही पायांची लांबी काटेकोर हवी त्याने ते टाळावेत.

नायलॉनचा गाभा आणि वर मऊ चामडं असा पट्टा माझ्या मते बहुतेकांसाठी सर्वांत समजूतदार निवड आहे. आतला पट्टा ताण घेतो, त्यामुळे लांबी जवळजवळ तशीच राहते, आणि वरचं चामडं पातळ असल्याने मांडीखाली गाठ कमी येते. साध्या चामड्यापेक्षा पैसे थोडे जास्त लागतात. एकाच घोड्यावर, एकाच लांबीवर नियमित बसणाऱ्याला ते वसूल होतात. घेताना भोकांच्या कडा जवळून पाहा. वरचं चामडं आणि आतला गाभा तिथे सुटायला लागले की पट्ट्याचं आयुष्य संपत आलं असं समजा.

सिंथेटिक पट्टे सगळ्यांत स्वस्त. पाऊस, चिखल, घाम यांची पर्वा नाही, ओल्या फडक्याने पुसले की काम झालं. शिकाऊ स्वार, रायडिंग स्कूल आणि रोज तेल लावायला वेळ नसलेले यांच्यासाठी ते उत्तम. पण वरचा लेप तडकून सोलू शकतो आणि काही पट्टे सॅडलच्या चामड्यावर घसटतात. इथे स्वस्तपणा कुठे आहे ते बघायला हवं. लेप साधा असला तर चालेल, बक्कल आणि शिवण साधी असता कामा नये. बक्कल स्टेनलेस स्टीलचं हवं. जिथे पट्टा दुमडून बक्कल शिवलेलं असतं तिथल्या टाक्यांवर नख फिरवा. धागा सैल हलला तर तो पट्टा घेऊ नका. चामड्याचा पट्टासुद्धा बहुतेक वेळा याच जागी दगा देतो.

मांडीखाली बक्कल टोचतंच असं असेल तर चौथा पर्याय आहे, एकेरी पट्टा. तो वर बारवर नुसता अडकतो आणि लांबी खाली रिकिबीपाशी जुळवायची असते. मांडीखाली चामड्याचा एकच थर राहतो. ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून शिस्तबद्ध चाली करून घेण्याच्या प्रकारात, लांब पायांनी बसणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. तोटा असा, की बसल्या बसल्या लांबी बदलणं अवघड जातं, आणि खालचा धातू कधी कधी बुटावर आपटतो. जंपिंग आणि साधी रपेट यांत लांबी वारंवार बदलत असाल तर जुना दुहेरी पट्टाच सोयीचा. त्यात बक्कल ओढून अगदी बारपर्यंत नेलं आणि पट्ट्याचं टोक सॅडलच्या खाचेत सरकवलं, तर टोचणं बरंच कमी होतं. मी आधी हे करून बघायला सांगेन, नवीन पट्टा नंतर.

मापाचं म्हणाल तर प्रौढांसाठी बहुतेकदा ४८ ते ६० इंच लांबीचे पट्टे मिळतात. ५४ इंच, म्हणजे साधारण १३७ सेंटिमीटर, मध्यम उंचीच्या स्वाराला बहुधा चालतं. ड्रेसाजसाठी लांब, मुलांसाठी अर्थातच आखूड. फार लांब घेतला तर उरलेलं टोक मांडीखाली येतं. रुंदी तुमच्या रिकिबीच्या वरच्या फटीत सहज सरकेल एवढीच घ्या. पट्टा फटीत दाटला तर तिथल्या तिथे झिजतो.

एक गोष्ट सुरक्षेची. पडल्यावर पाय रिकिबीत अडकला तर पट्टा बारवरून सुटून यायला हवा. म्हणून नवीन पट्टा बसवल्यावर तो हाताने मागे ओढून पाहा. फार जाड पट्टा बारवर घट्ट बसत असेल तर तो कितीही मऊ, कितीही स्वस्त असो, परत करा.

चामड्याचा पट्टा नवा असताना रिकीब घोड्याच्या अंगाला समांतर राहते आणि पाय तिला वळवण्यात थकतो. पट्टे सॅडलला लावून रिकिबी बाहेर वळवा, दोन्हींतून झाडूचा दांडा घाला आणि रात्रभर तसंच ठेवा. दोन-तीन रात्रींत रिकीब पायाकडे तोंड करून उभी राहायला लागते.