छापील चित्रांची पारख करणारे आर्वीचे दुकान

आर्वीच्या आठवडी बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर फोटो फ्रेम करून देणारे एक लहानसे दुकान आहे. जुनी छापील चित्रे पारखून त्यांचा भाव सांगण्याचे कामही तेथील वयोवृद्ध मालक करतात. आमच्या गावच्या घराची वाटणी झाली, तेव्हा आजीच्या देवघरातील लक्ष्मीचे चित्र माझ्या वाट्याला आले. खाली सही दिसत असल्यामुळे ते राजा रविवर्माच्या हातचेच आहे आणि लाखात जाईल, असे घरात सगळे सांगत होते. मीही ते मानून चाललो होतो.

मालकांनी भाव सांगण्याआधी फ्रेम उघडली, आणि या दुकानाबद्दल माझा विश्वास बसला तो तिथेच. मागच्या फळीतून उधईची माती गळाली, पण कागद वाचला होता. मग लक्ष्मीच्या गालावर भिंग धरून त्यांनी मलाच पाहायला लावले. गुलाबी, तपकिरी आणि पिवळे ठिपके बारीक-मोठे, हाताने टिंबल्यासारखे होते आणि ओठांपाशी लाल रंग केसभर सरकलेला होता. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून केलेल्या शिळाछापाची ही खूण. शेजारी त्यांनी जुन्या ऑफसेट कॅलेंडरचा तुकडा ठेवला. त्यात चार शाईंचे ठिपके ठरावीक जाळीत बसून इवल्या फुलांसारखे दिसत होते. मूळ चित्रावरची सही चित्राबरोबरच छापली जाते, त्यामुळे सहीवरून चित्र हातचे ठरत नाही, हे त्यांनी न दुखावता समजावले.

तळाच्या पांढऱ्या पट्टीवर इंग्रजीत छापखान्याचे नाव आणि कार्ला-लोणावळा असा पत्ता होता. रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांनी लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तेव्हा ही प्रत त्यानंतरचीच. १९०६ मध्ये चित्रकार वारल्यावरही छपाई चालू राहिल्यामुळे नेमके वर्ष त्यांनी सांगितले नाही, आणि ठोकून दिले नाही हेच मला आवडले. डावीकडची पट्टी मात्र पूर्वी कुण्या फ्रेमवाल्याने मापात बसवण्यासाठी कापून टाकली होती. त्या कापण्याने भाव उतरतो, आणि साडीच्या काठावर चिकटवलेली जर व टिकल्या जुन्या असल्यामुळे तो थोडा चढतो, असे सांगून त्यांनी साडेचार हजार रुपये हा अंदाज दिला. अशा प्रती मोठ्या संख्येने छापल्या गेल्या, म्हणून केवळ जुनेपणावर किंमत मिळत नाही. कडा, रंग, डाग आणि विषय पाहिला जातो.

तपासणीचे शंभर रुपये घेतात. फ्रेम तिथेच केली तर ते वजा होतात. दोन गोष्टी मात्र खटकल्या. अंदाज लेखी देत नाहीत, त्यामुळे भावंडांना दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हते. शिवाय चित्रामागे थेट प्लायवूड लावण्याची त्यांची सवय आहे. त्याने कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, म्हणून मी आम्लरहित पुठ्ठा मागितला, तेव्हा तो नागपूरहून मागवून द्यायला तीन आठवडे लागले. काच चित्राला चिकटू नये म्हणून मधे पट्टी घालायलाही मला सांगावे लागले. सांगितल्यावर त्यांनी ती नीट घातली. चित्र देताना उरलेली पांढरी पट्टी शाबूत ठेवा, असे आधीच स्पष्ट सांगावे आणि फ्रेम बंद होताना तिथे उभे राहावे.