थारमध्ये ४५ लिटरची डिझेलची जादा टाकी बसवली, त्याचा सव्वा वर्षाचा हिशोब

आधीच सांगतो, वर्कशॉपचं नाव विचारू नका, देणार नाही. मिस्त्री माणूस चांगला आहे, वेल्डिंग तर एक नंबर, पण त्याने घातलेले घोळ लिहायला बसलोय आणि नाव घेऊन लिहिलं तर उद्या त्याच्या दारात गाडी घेऊन जायची पंचाईत. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतलं (औद्योगिक वसाहतीतलं) एक वर्कशॉप, एवढं पुरे.

गाडी २०१६ ची थार सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनवाली), मागे समोरासमोर बाकडी असलेली जुनी. कंपनीची टाकी ६० लिटरची. हायवेला लिटरला बारा किमीच्या आसपास देते, पण महीच्या कोतरांत (नदीकाठच्या घळींत) फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर, टाकून दिवसभर हुंदडलं की साताच्या वर जात नाही, आणि वाळूत त्याहून वाईट. तरी खरं सांगू, बडोद्यातल्या माणसाला कच्छसाठी जादा टाकी लागतच नाही. धोलावीराला आम्ही तीनदा गेलोय, घरून टाकी फुल, रापरला परत फुल, संपला विषय. जो कोणी सांगेल की रणात जायला डबल टाकी पाहिजे त्याला बाहेर चहा पाजा आणि घरी पाठवा.

आमचं लडाखचं होतं. मनाली-लेह रस्त्यावरच्या तांदीच्या पंपावरचा तो बोर्ड सगळ्यांनी फोटोत बघितलाय, पुढचा पंप ३६५ किमी. आता ३६५ ला दहाचं ॲव्हरेज धरलं तरी ३७ लिटर, म्हणजे नुसतं लेहला जायचं तर कंपनीची टाकी सुद्धा भरपूर. पण आमच्या ग्रुपला लेहमधून हानले, तिथून उमलिंग ला (१९,०२४ फूट, बोर्डासोबत फोटो काढायचाच होता), मग त्सो मोरीरी, आणि लेहला परत न येता सरळ मनालीच्या बाजूने खाली उतरायचं होतं. लेहजवळ कारूला भरलं की डायरेक्ट तांदी. कागदावर साडेआठशे, भटकणं धरून नऊशे, आणि त्या उंचीवर बोजा भरलेल्या गाडीचं ॲव्हरेज नऊ धरा. शंभर लिटर झाले. म्हणून ही उठाठेव.

जेरीकॅनचा विचार आधी केला होता. २० लिटरचे दोन लोखंडी कॅन कॅरियरवर टाकले की काम होतं, पण वजन सगळं डोक्यावर, आणि वाऱ्यात नरसाळं धरून ओतताना निम्मं बुटावर. मागच्या वेळी मोरे प्लेन्सवर एका मित्राने असं ओतलं आणि पुढचे चार दिवस त्याच्या पँटला जो वास यायचा, तंबूत कोणी त्याच्या शेजारी झोपेना.

तर वर्कशॉप. पहिल्या दिवशी मिस्त्रीने काय काढून दाखवलं असेल तर गॅल्वनाइजचा पत्रा. स्वस्त, गंजत नाही, पाण्याच्या टाक्या याच्याच बनवतो म्हणे. म्हटलं भाई, हे डिझेलला चालत नाही. डिझेल जस्ताला खातं, त्याचा साबणासारखा चिकट गाळ होतो आणि तो जाऊन इंजेक्टरमध्ये बसतो. आणि सीआरडीईचे इंजेक्टर काय किमतीला येतात ते ज्याने एकदा बदललेत त्याला विचारा. तांबं-पितळेचंही तेच, फिटिंगला सुद्धा नको, डिझेल लवकर खराब होतं. शेवटी ३ एमएम ॲल्युमिनियम ठरलं, ५०५२ ग्रेड, आर्गन वेल्डिंग. माप ७५ बाय ४० बाय १५ सेंटिमीटर, हिशोबाने बरोबर ४५ लिटर, आणि पुढच्या सीटांच्या मागे फरशीवर आडवी बसते, मागच्या ॲक्सलच्या पुढे. जागा मुद्दाम तीच घेतली, अगदी मागे टाकली असती तर गाडी चढावर पुढून हलकी झाली असती. भरलेल्या टाकीचं वजन ४५-४६ किलो होतं, म्हणजे एक किडकिडीत माणूस कायमचा मागे बसवल्यासारखं.

आतमध्ये भोकं पाडलेले दोन आडवे पत्रे आहेत, डिझेल हिंदकळू नये म्हणून. हे मिस्त्रीने स्वतःहून केलं, त्याचे पूर्ण मार्क. वेल्डिंग झाल्यावर थोडी हवा भरून सगळ्या कडांना साबणाचं पाणी लावून माझ्यासमोर दाखवलं, एक बुडबुडा नाही. टाकीचं काम म्हणाल तर दहापैकी साडेनऊ. अर्धा मार्क कापला कारण आत ॲल्युमिनियमचा भुगा राहिला होता. मी काचेच्या वाटीचा छोटा फिल्टर मध्ये टाकायला लावला होता त्यात पहिल्याच आठवड्यात चंदेरी चुरा जमलेला दिसला. फिल्टर नसता तर तो सगळा पुढे गेला असता.

आता नळ्यांकडे येतो. लोक लिटर विचारतात, पत्रा विचारतात, नळी कुठून कुठे जाते हे कोणी विचारत नाही, मी पण विचारलं नाही आणि पस्तावलो.

मिस्त्रीचं पहिलं म्हणणं होतं एक कॉक टाकू, इकडे फिरवला की ही टाकी, तिकडे फिरवला की ती. ऐकायला सोपं वाटलं. पण कॉमन रेलमध्ये पंप जेवढं डिझेल ओढतो तेवढं सगळं जळत नाही, उरलेलं गरम होऊन रिटर्नने टाकीत परत येतं. म्हणजे ओढणार जादा टाकीतून आणि परत टाकणार मेन टाकीत, मेन आधीच फुल असेल तर ते जाणार कुठे? रिटर्नला सुद्धा त्याच वेळी फिरवणारा व्हॉल्व्ह मिळतो पण महाग, आणि त्याचा एक पोर्ट अडकला की रस्त्यात बसा. म्हणून सरळ मार्ग घेतला, छोटा १२ व्होल्टचा पंप, डॅशबोर्डवर स्विच आणि लाल दिवा, मेन टाकी अर्ध्याखाली गेली की स्विच दाबायचा, जादा टाकीतलं डिझेल मेनच्या फिलर पाइपमध्ये जातं. इंजिनाला पत्ताच नाही की दुसरी टाकी आहे. काटा हळूहळू वर चढताना बघायला मजा येते राव, उलटं चाललेलं घड्याळ बघितल्यासारखं. माझ्याकडे २० लिटर उतरायला सतरा-अठरा मिनिटं लागतात.

घोळ नंबर एक. गाडी आणल्यावर चौथ्या दिवशी आजवा रोडला, दुपारची वेळ, मेन टाकी नुकतीच फुल केलेली, जादा टाकी पण फुल, आणि मागून एक ॲक्टिवावाला जीव खाऊन हॉर्न मारतोय. बाजूला येऊन ओरडला, "काका, तमारी गाडीमांथी डीझल ढोळाय छे!" उतरून बघतो तर मेन टाकीच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवेच्या नळीतून, बारीक धार, आणि मागे रस्त्यावर लांबच लांब चकचकीत पट्टा. रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवरून टूव्हीलर कशी सरकते ते सांगायला नको, तो पोरगा पडला असता तर मी काय तोंड दाखवलं असतं. मला वाटलं स्विच चालू राहिला, पण दिवा बंद होता. दोन दिवस डोकं खाजवलं मग लक्षात आलं, जादा टाकी फरशीवर, मेन टाकी खाली चासीला, आणि हा पंप बंद असला तरी डिझेल अडवत नाही. एकदा नळी भरली की आपोआप उतरत राहतं, पिंपातून पाणी काढायला नळी तोंडाने ओढून सोडतो ना, अगदी तसंच. मिस्त्रीला सांगितलं तर म्हणतो "साहेब, पंप बंध होय तो केवी रीते जाय?" शेवटी टेबलावर दोन बाटल्या आणि नळी घेऊन करून दाखवलं तेव्हा पटलं. उपाय सोपा, पंपाच्या पुढे एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह, पंपाच्याच स्विचवर, वीज असेल तरच उघडतो. सोबत टायमर पण लावून घेतला, पंधरा मिनिटांनी पंप आपोआप बंद, कारण विसरणारा माणूस मी आहे हे घरचे सगळे सांगतील.

घोळ नंबर दोन जास्त चिडवणारा. टाकीला हवा आत-बाहेर करायला ब्रीदर लागतो. मिस्त्रीने नळी वीतभर ठेवून तिथेच बाकड्याखाली सोडून दिली होती, गाडीच्या आत! विचारलं तर "ए तो हवा माटे छे, एमां डीझल क्यांथी आवे?" कुठून आलं ते मला सिंधरोटच्या पुढे कोतरात कळलं. गाडी डावीकडे चांगलीच कलली आणि ब्रीदरमधून थेट पायपुसणीवर ठिबक ठिबक. बायको मागे बसली होती, तिने काही न बोलता नुसती काच उघडली. त्या शांततेपेक्षा भांडली असती तर बरं. आता ब्रीदर टाकीच्या तोंडाहून बराच वर नेऊन, वळसा घालून, फरशीतून बाहेर काढलाय, आणि मध्ये रोलओव्हर व्हॉल्व्ह आहे, गाडी उलटली तर तो नळी बंद करतो. हे पहिल्या दिवशीच असायला हवं होतं. त्याने हे सगळं नंतर फुकट करून दिलं हेही लिहिलं पाहिजे, फक्त सामानाचे पैसे घेतले, आणि मध्ये सेव उसळ मागवली.

तिसरी गोष्ट त्याची चूक नाही, माझीच. टाकीचं तोंड गाडीच्या आत ठेवलं. पंपावर मागचं दार उघडून नोझल आत घ्यावी लागते, पोऱ्या दर वेळी संशयाने बघतो, आणि भरताना आत वाफ होते ती अर्धा तास जात नाही. लोक म्हणतात डिझेल पेट घेत नाही, हे अर्धसत्य आहे. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते तो, कमीत कमी ३५ अंश असावा लागतो, आणि मे महिन्यात बडोद्यात काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीत किती तापतं ते तुम्हीच सांगा. परत करायचं झालं तर तोंड बॉडीच्या बाहेर काढीन. आणि काठोकाठ कधीच भरत नाही, ४२-४३ वर थांबतो, डिझेल गरम झालं की फुगतं.

माझा भाचा जिमनी घेऊन मागे लागलाय, मामा मला पण बनवून द्या, माझी टाकी तर ४० लिटरचीच आहे. त्याला स्पष्ट नाही सांगितलं. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याच्या खाली चाळीसच्या आसपास, म्हणजे कारूच्या थंडीत पण वाफ पेटायला तयार. अशी बनवलेली टाकी आणि पेट्रोल, आतमध्ये, माझ्याकडून होणार नाही. तुझं नाव तुझ्या आईने माझ्या मांडीवर ठेवलंय म्हटलं, गप दोन चांगले कॅन घे आणि बाहेर बांध.

कायद्याचं पण लिहितो, नंतर कोणी म्हणायला नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच म्हटलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इन्शुरन्सवाला क्लेमच्या वेळी हेच बोट दाखवू शकतो. मी हे माहीत असून केलंय, तुम्ही माझ्याकडे बघून करू नका. ऑस्ट्रेलियात एआरबी, लाँग रेंजर वगैरे कंपन्या मापाच्या तयार टाक्या विकतात, टोयोटाने लँडक्रूझर ट्रूपीत (ट्रूप कॅरियर मॉडेलमध्ये) ९०-९० लिटरच्या दोन टाक्या स्वतःच दिल्या होत्या. आपल्याकडे मिस्त्री, आर्गन आणि सेव उसळ.

खर्च म्हणाल तर टाकी साडेचौदा हजार, पंप, फिल्टर, सोलेनॉइड, नळ्या, वायरिंग मिळून आणखी साडेनऊ, म्हणजे चोवीस हजार. कारू ते तांदी ८९० किमी झालं, वाटेत एकदाही डिझेल विकत घेतलं नाही, तांदीला पोचलो तेव्हा मेनमध्ये चतुर्थांशाच्या थोडा खाली काटा, म्हणजे १२-१३ लिटर शिल्लक. नुसत्या ६० वर गेलो असतो तर पांगच्या आधीच कुठेतरी हात पसरून उभे राहिलो असतो. दोन वर्षांत एकदाच असा प्रवास असेल तर चोवीस हजार घालू नका, कॅन घ्या, बुटावर सांडू दे. आमचं दर वर्षी काहीतरी निघतं म्हणून मला परवडलं.

पुढच्या आठवड्यात परत मकरपुऱ्याला जाणार आहे, टाकीच्या तळाला ड्रेन लावायचाय, काचेच्या वाटीत थोडं पाणी दिसायला लागलंय. पायपुसणी दोनदा निरम्यात भिजवून झाली तरी आई गाडीत बसली की अजून विचारते, पंपावर थांबलोय का रे?