जुन्या गाडीत ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर : पावसाळा ते उन्हाळा वापरून

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा बऱ्याच गाड्यांत फक्त ड्रायव्हरच्या समाधानासाठी असतो. इंजिन ७५ अंशांवर असो की १०० वर, तो मधोमध ठाण मांडून बसतो. माझ्या २०११ च्या पेट्रोल गाडीतही तेच. अ‍ॅव्हरेज मात्र घसरत चाललं होतं, म्हणून हजाराच्या आतला साधा ओबीडी स्कॅनर घेतला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र. नाव ईएलएम ३२७ (मूळ चिपचं नाव), पण या किमतीत मिळतात त्या बहुतेक नकलाच.

स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खोचला, मोबाइलवर अ‍ॅप जोडलं आणि साताऱ्याला निघालो. शिरवळच्या सपाट रस्त्यावर ऐंशीच्या वेगाला कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, आकडा ६८ अंश. खंबाटकी चढताना ८८, उतार लागला की पुन्हा सत्तरच्या आत. काटा अख्ख्या रस्त्यात जेमतेम हलला असेल.

साधारण ८२ अंशांपर्यंत थर्मोस्टॅटने (तापमानानुसार उघडणाऱ्या झडपेने) रेडिएटरची वाट अडवून धरायची असते. वाट सतत उघडी राहिली तर हायवेच्या वाऱ्याने इंजिन कोमटच राहतं, ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) ते अजून गार वाटतं आणि तो पेट्रोल जास्त सोडतो. मेकॅनिकने हाउसिंग खोललं तर आत थर्मोस्टॅटच नव्हता! नुसतं गॅस्केट. आधी कुणीतरी काढून टाकलेला. "आपल्याकडच्या उन्हात वॉल (म्हणजे थर्मोस्टॅट) कशाला, साहेब?" असं म्हणणारे गॅरेजवाले आजही भेटतात. नवा बसवून, कूलंट भरून, हवा काढली. आता हायवेला ८६ ते ९०. सिग्नलला ९७ झाले की फॅन लागतो, ९२ ला बंद. अ‍ॅव्हरेजही सुधारलं.

उन्हाळ्यात वेगळंच नाटक. आकडा ८९ वरून एकदम ४१, लगेच परत ८९. इंजिनातलं पाणी क्षणात एवढं गार होऊच शकत नाही, म्हणजे भानगड वायरिंगची. तापमानाच्या सेन्सरच्या कपलरमध्ये (वायर जोडायच्या प्लगमध्ये) हिरवट गंज निघाला. साफ केल्यावर थांबलं. सकाळी इंजिन चालू करण्याआधी, नुसती चावी फिरवून कूलंट आणि इनटेक (इंजिनात जाणाऱ्या) हवेचं तापमान शेजारी शेजारी बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे हवेत. मोठा फरक दिसला तर आधी सेन्सर तपासायचा, रेडिएटर नंतर.

तक्रारी आहेतच. ब्लूटूथ मधूनच तुटतं. सॉकेटात तसाच ठेवला तर बंद गाडीतही थोडी बॅटरी खातो, म्हणून मी काढून ठेवतो. आणि कूलंट गळून सेन्सर कोरडा पडला तर इंजिन भाजत असतानाही आकडा कमी दिसू शकतो. त्यामुळे लांब निघण्याआधी, गार इंजिनवर, कूलंटच्या बाटलीतली पातळी बघणं मी सोडलेलं नाही. रेडिएटरचं झाकण गरम असताना कुणीही उघडू नये, अ‍ॅपवर आकडा काहीही असो.

पैसे मात्र वसूल. गाडीला हे सॉकेट आहे का, तेवढं घेण्याआधी बघा. फार जुन्या गाड्यांत ते नसतं.