घरून मतदानाची सोय (85 च्या वरच्यांसाठी): 5 पैकी 4 स्टार

आधीच सांगते, घरी येऊन आज्जीचं मत घेऊन गेलेल्या टीमला पैकीच्या पैकी. एक स्टार कापलाय तो त्याआधी आमची जी पळापळ झाली त्यासाठी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वय 85 च्या वर असेल किंवा 40 टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट असेल तर लोकसभा-विधानसभेला घरूनच मत देता येतं, एक रुपया लागत नाही. 12डी नावाचा फॉर्म असतो, तो बीएलओने (म्हणजे आपल्या बूथची मतदार यादी सांभाळणारा अधिकारी) घरी आणून द्यायचा आणि भरून झाला की घेऊन जायचा असा नियम आहे. आमच्याकडे कोणी फिरकलंच नाही. एका ऑफिसात विचारायला गेले तर तिथला माणूस म्हणे, "असलं काही नसतं मॅडम, आज्जींना गाडीत घालून आणा की." आज्जी म्हणजे काय गॅसचा सिलिंडर आहे का!

आणि खरी गोम तारखेत आहे. अधिसूचना निघाली की 5 दिवसांत फॉर्म पोचायला लागतो. 2024 च्या विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं आणि अधिसूचना 22 ऑक्टोबरला निघाली, म्हणजे बघायला महिनाभर दिसतो पण फॉर्मसाठी हातात 5 दिवस, तेही ऐन दिवाळीच्या तोंडावर, घरात चकल्या तळायला घेतलेल्या. शेवटी व्होटर हेल्पलाइन ॲपवर आज्जीचा मतदार कार्डाचा नंबर टाकला तर बीएलओ मॅडमचा फोन नंबर मिळाला. त्या बिचाऱ्या शाळा सांभाळून हे सगळं करतात, पण फोन केल्यावर त्याच संध्याकाळी फॉर्म घेऊन हजर.

मग मतदानाच्या आधीच टीम आली, येण्याआधी रीतसर फोन करून. दोन अधिकारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला आणि त्यांच्यामागे आख्खी आळी. हॉलमधल्या टीपॉयवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. आत्या आज्जीला चिकटून बसली होती, कुठे खूण करायची ते दाखवायला, तर त्यातले एक सर शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही जरा आत थांबा, आज्जी करतील." आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला ही गोष्ट सगळ्यात आवडली, कारण आमच्या घरात आज्जीने टीव्हीवर काय बघायचं हेसुद्धा दुसरंच कोणीतरी ठरवतं. मग मतपत्रिका छोट्या लिफाफ्यात, डिक्लेरेशनवर सही, दोन्ही मिळून मोठ्या लिफाफ्यात, सगळं आमच्यासमोर चिकटवलं. चहा नको म्हणाले, पाणी पिऊन पुढच्या घरी.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एकदा फॉर्म मंजूर झाला की बूथवर जाऊन मत देता येत नाही, यादीत नावापुढे पीबी (पोस्टल बॅलट, म्हणजे टपाली मत) असं लिहिलेलं असतं. 20 तारखेला आम्ही निघालो तेव्हा आज्जी नवी साडी नेसून तयार, तिला समजावता समजावता नाकी नऊ आले. आणि टीम आली तेव्हा माणूस घरी नसेल तर अजून एकदाच येतात, मग संपलं, त्यामुळे त्या दिवसांत कोणाला लेकीकडे वगैरे पाठवू नका.

वयाची अट मात्र मला पटलेली नाही. आधी 80 होती, मार्च 2024 मध्ये 85 केली. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका 82 चे, काठी टेकत चालतात, पण सर्टिफिकेट नाही म्हणून त्यांनी बूथवरच जायचं. तिथे व्हीलचेअर मिळते म्हणा, पण बूथपर्यंत जाणार कसं, आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही.

अजून एक, वय यादीतलंच धरतात. जुन्या लोकांच्या जन्मतारखा बऱ्याचदा अंदाजपंचे लिहिलेल्या असतात, तेव्हा मतदार यादीत आत्ताच बघून घ्या आणि चुकलेलं असेल तर फॉर्म 8 भरून टाका, निवडणूक लागल्यावर ते करत बसायला वेळ मिळत नाही.