लॉजिटेक जी29: जोर उतरवल्यावर उमगलेले चाक

डिचोलीतील घरी गेली दोन वर्षे मी लॉजिटेकचे जी29 हे गाड्यांच्या शर्यतींच्या गेमसाठीचे स्टिअरिंग व्हील संगणकाला जोडून वापरतो आहे. 2015 साली बाजारात आलेल्या या चाकाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण फोर्स फीडबॅकचा, म्हणजे गेममधील गाडीच्या स्टिअरिंगवरचा ताण मोटरने हाताला जाणवून देण्याचा, जोर किती ठेवावा, या एका प्रश्नावर त्याची सारी योग्यता अवलंबून असूनही त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे माझे मत आहे.

बांधणीविषयी थोडक्यात सांगतो. चामड्याने मढवलेली कडी हाताला भरीव लागते, चाक 900 अंश फिरते आणि सोबत तीन पेडल येतात. त्यांपैकी ब्रेक मुद्दाम कडक ठेवलेला आहे व त्याची सवय व्हायला आठवडा लागतो. मोटरची ताकद गिअरमार्फत हातापर्यंत पोहोचते आणि ती सुमारे 2 न्यूटन-मीटर एवढीच आहे. डायरेक्ट ड्राइव्हची, म्हणजे गिअरशिवाय थेट मोटरवर बसवलेली, साधी चाकेसुद्धा 5 न्यूटन-मीटरच्या आसपास जोर देतात. त्यामुळे नव्या माणसाला वाटते की, आधीच ताकद कमी, तेव्हा आहे तेवढी पूर्ण वापरावी. मीही असेटो कोर्सा या शर्यतीच्या गेममध्ये गेन, म्हणजे या जोराचे प्रमाण, 100 वर ठेवून चार महिने काढले.

यात काय बिघडते, ते मला गेममधील मुजेल्लो या इटलीतल्या शर्यतीच्या ट्रॅकवर कळले. तेथील अराब्बियाता ही एकामागून एक येणारी दोन वेगवान उजवी वळणे बीएमडब्ल्यूच्या ई30 एम3 गाडीतून घेताना पडद्यावरील फोर्स फीडबॅकची पट्टी वळणात शिरताच लाल होई आणि बाहेर पडेपर्यंत लालच राही. यालाच क्लिपिंग म्हणतात. गेमने 140 एवढा जोर मागितला काय किंवा 110 मागितला काय, मोटर 100 च्या पुढे जाऊच शकत नाही. म्हणून मधला सगळा चढउतार हातापर्यंत न येता वाया जातो.

आणि नेमका तोच चढउतार मोलाचा असतो. पुढचे टायर वळणात जसजसे जास्त कोनात घासू लागतात, तसतसे स्टिअरिंग आधी जड होत जाते. पण पकड संपण्याच्या किंचित आधी ते हलके पडू लागते. वडिलांच्या पॉवर स्टिअरिंग नसलेल्या मारुती 800 मधून पावसाळ्यात चोर्ला घाट उतरताना हे हलके पडणे मी प्रत्यक्ष अनुभवले आहे. डोळ्यांच्या आधी तळहाताला कळते. जोर कमाल मर्यादेला टेकलेला असला, की चाक ही सूचना देऊच शकत नाही, आणि गाडी पुढून घसरू लागल्यावरच आपण जागे होतो.

म्हणून मी गेन पाच-पाचने उतरवत गेलो आणि पट्टी केवळ कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांवर, क्षणभर लाल होईल तिथे, म्हणजे या गाडीसाठी 70 वर थांबलो. प्रत्येक गाडीसाठी हा आकडा वेगळा निघतो, आणि गाडी चालवतानाच अंकांच्या कळफलकावरील अधिक-उण्याच्या कळांनी तो बदलता येतो, ही फार मोठी सोय आहे. रोड, कर्ब आणि स्लिप (रस्त्याची खरखर, कर्बचे धक्के आणि टायर घसरण्याची थरथर) हे परिणाम मी शून्यावर ठेवतो, कारण ते खऱ्या जोरावर वरून चढवलेले असतात आणि आधीच अपुरी असलेली जागा अडवतात. उलट मिनिमम फोर्स, म्हणजे मोटरला दिला जाणारा किमान जोर, थोडा वाढवावा लागतो. गिअरच्या घर्षणात मधोमधचे बारीक जोर गिळले जातात, म्हणून तो शून्य असला की सरळ रस्त्यावर चाक निर्जीव वाटते. माझ्याकडे 12 वर ते जिवंत झाले. 20 वर मात्र हात सैल सोडताच ते डावी-उजवीकडे थरथरू लागले.

गेल्या चवथीला भाचा आला होता. जोर जास्त म्हणजे गाडी खरी, असे त्याचे ठाम मत. न सांगता मी त्याला 100 ऐवजी 70 वर बसवले. पहिल्या फेरीत चाक मऊ लागते म्हणाला, पाचव्या फेरीत वळणाच्या मध्यावर त्याने आपणहून चाक किंचित परत सोडले आणि म्हणाला, "मामा, टायर सुटायच्या आधी कळतंय!" एवढ्यासाठीच तर हे यंत्र विकत घ्यायचे असते.

जोर उतरवण्याचा आणखी एक लाभ असा, की गिअरची खडखड कमी होते आणि रात्री शेजारच्या खोलीत आई शांत झोपू शकते. टेबल मात्र लाकडी आणि जड हवे. माझ्या आधीच्या प्लास्टिकच्या टेबलाची कडा चाकाबरोबर वाकत असे आणि बारीक जोर तिथेच विरून जात.

ज्याला आठवड्यातून चार-पाच तास खेळायचे आहे आणि आकड्यांवर एक संध्याकाळ घालवण्याची तयारी आहे, त्याने हे चाक निःशंक घ्यावे. वापरलेले घेणार असाल, तर वीज जोडण्यापूर्वी ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश हाताने फिरवून पाहावे. गिअरच्या दातांचा स्पर्श सर्वत्र सारखाच लागला पाहिजे.